प्रतिसाद : हिवतापाची लस इतकी अवघड का

गोवर एकदा झाला की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही, मग हिवतापाचे तसे का नाही, हा प्रश्न अगदी योग्य आहे. गोवराचा विषाणू फारसा रूप बदलत नाही. हिवतापाचा परजीवी मात्र डासाच्या दंशानंतर तासाभरात यकृतात शिरतो आणि तेथून रक्तपेशींत गेल्यावर त्या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिन, सुमारे ६० जनुकांच्या संचातून निवड करत, पुनःपुन्हा बदलतो. त्यामुळे आफ्रिकेतील मुलांना वारंवार आजारी पडून जी प्रतिकारशक्ती मिळते तीही अपुरीच असते.

लसीची खरी आशा १९६७ साली दिसली. संशोधक रूथ नुसेनझ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुर्बल केलेले, डासाच्या लाळग्रंथीतील परजीवी उंदरांना टोचले, आणि ते उंदीर नंतरच्या संसर्गापासून वाचले. या संरक्षणात यकृतातील बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) वाटा मोठा असतो, हे पुढे कळले. आजच्या दोन्ही मान्य लसी मात्र डासाच्या लाळेतून येणाऱ्या अवस्थेतील परजीवीच्या आवरणावरील एका प्रथिनावर बेतलेल्या असून त्यांचा भर मुख्यतः प्रतिपिंडांवर, म्हणजे परजीवीला चिकटून त्याला रोखणाऱ्या रक्तातील प्रथिनांवर, आहे. प्रतिपिंडे ओसरली की संरक्षणही ओसरते, म्हणून चौथा डोस द्यावा लागतो. यांतल्या पहिल्या लसीने (आरटीएस,एस) चार डोसांनंतर, सुमारे चार वर्षांत, हिवतापाचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपासच घटले. दुसरी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१, हंगामी हिवतापाच्या भागांत पहिल्या वर्षी सुमारे ७५ टक्के प्रभावी ठरली. पण या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, कारण कालावधी आणि परिस्थिती वेगळी होती.