न हुंगता घेतलेलं सेंट: तुमचं काय झालं?

धागाकर्ती

धाग्याला निमित्त घरचंच. सेलमध्ये मी 100 मिलीची बाटली मागवली. वर्णन होतं 'ट्यूबरोज, मलईदार, रात्रीचा'. ट्यूबरोज म्हणजे निशिगंध हे मला माहीत होतं, पण इंग्रजीत वाचताना डोळ्यापुढे निशिगंध आलाच नाही, पॅरिसातलं कुठलं तरी फूल आलं. वरचा चकचकीत कागद फाडला, मनगटावर एक फवारा मारला, तर आतून सासूबाई: "कोणाकडे लग्न आहे गं आज?" अहो, हार! नवरदेवाच्या गाडीवर दोन तास उन्हात तापलेले हार. नवऱ्याला तर लग्नही आठवलं नाही, तो थेट तिरडीवर गेला. सील उघडलं की परत घेत नाहीत, म्हणून 97-98 मिली अजून कपाटात आहे.

तर इंदूरकर मंडळी (बाहेरचेही चालतील), असं आंधळेपणानं सेंट घेऊन फसलात की जमलं? कंपन्यांची नावं काढून भांडू नका. वास सांगा.

रामबागची भाची

माझं जमलं, पण त्यात माझी अक्कल शून्य. 'व्हेटिव्हर' नाव आवडलं म्हणून घेतलं. लोकांनी लिहिलं होतं मातकट, धुरकट, मुळांसारखा. म्हटलं, असेल. फवारलं आणि मी आजोळी! मे महिना, खिडकीत पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंना खसच्या टट्ट्या, मामा बाहेरून बादलीनं पाणी मारतोय. आधी पाच मिनिटं नुसता गंज आणि ओलं गवत, मग वारा गार झाला की तो खरा वास. आम्ही चार पोरं कूलरला तोंड लावून 'आऽऽऽ' करायचो, आवाज थरथरायचा.

नंतर शोधलं. व्हेटिव्हर हा शब्दच तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलाय, म्हणजे आपला वाळा. सेंटांसाठीचं तेल आता बरंचसं हैतीतून येतं. आईचं म्हणणं, कूलरच्या वासाचे एवढे पैसे दिलेस, त्यात कूलर आला असता.

उदबत्ती

मी ऊद घेतलं. बायकोनं विचारलं, "कुठे लागलं? पट्टी दाखव." एवढाच अनुभव. मात्र ऊद म्हणजे आपलंच अगर, अगरबत्तीतलं. झाडाला बुरशी लागली की लाकडात राळ धरते, तिचा हा वास. आसामात ती झाडं आहेत. माझ्या बाटलीत झाड किती आणि प्रयोगशाळा किती, देव जाणे.

फार्मसीवाली

धागाकर्त्या ताई, निशिगंधाच्या वासात मिथाइल सॅलिसिलेट असतं. गुडघ्याला चोळायच्या मलमात तेच. सासूबाईंना दोन दिवसांनी पुन्हा विचारा, लग्न सुटून गुडघे आठवतील.

हिशेबनीस

माझं प्रकरण उलटं. बाटली आली, मारलं, वासच नाही. पुन्हा मारलं. काही नाही. म्हटलं पाणी भरून पाठवलंय, कस्टमर केअरशी तीन दिवस भांडलो. तोवर 'बघू तरी' म्हणून रोज आठ-दहा फवारे मारून ऑफिसला जात होतो. चौथ्या दिवशी समोरच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "भिया, आप जो लगाते हो ना, थोड़ा कम लगाओ. सिर भन्नाता है." कस्तुरीचे जे कृत्रिम वास असतात, त्यातले काही कित्येक लोकांच्या नाकाला कळतच नाहीत. त्यातला मी एक. दुकानात हुंगलं असतं तर घेतलंच नसतं, आणि मॅडमनाही त्रास झाला नसता. कस्टमर केअरच्या मुलीची माफी राहून गेली.

लोकमान्य नगरची आत्या

आम्ही पहिल्या फवाऱ्यालाच निकाल दिला. लिंबाची साल आणि स्पिरिट. बाटली भाच्याला देऊन टाकली. गणपतीत आरतीला शेजारी कोणीतरी उभं होतं, इतका सुरेख वास, चंदनासारखा, थोडा दुधाचा. मी टाळ थांबवून विचारलं, काय लावलंयस रे? तर भाचाच! लिंबाचा भाग पंधरा-वीस मिनिटांत उडतो, खालचा नंतर वर येतो, हे मला त्यानं शिकवलं. बाटली परत मागायचं तोंड नव्हतं. तरी मागितली. दिली नाही.

सुदामानगरचे काका

तुमची ही पद्धतच मला समजत नाही, असं लिहिणार होतो. आमच्या वेळी राजवाड्याजवळ अत्तरवाला कापसाचा फाया बुडवून कानाच्या पाळीवर, आतल्या खाचेत बसवून द्यायचा. पैसे घेत नसे. "कल बताना, बाबूजी." दिवसभर फिरा, घामात कसा वागतो ते बघा, रात्री उशीला काय लागलंय ते बघा, मग या. उन्हाळ्यात वाळा, गुलाब किंवा मिट्टी, थंडीत हिना. मिट्टी म्हणजे कनौजला भाजलेली माती तांब्याच्या देगेत चढवून तिची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात, ते.

पण 2021च्या एप्रिलमध्ये करोना झाला आणि वास गेला, तो आजतागायत आला नाही. म्हणजे तेव्हापासून मी प्रत्येक शिशी न हुंगताच घेतोय. आता फाया हिच्या हाताला लावतात आणि ही मला सांगते. सुरुवातीला नुसतं "छान आहे" म्हणायची. मी चिडायचो, छान म्हणजे काय? आता सांगते नीट. गेल्या वर्षीच्या मिट्टीला म्हणाली, "सारवलेल्या अंगणाचा नाही, नव्या माठातल्या पहिल्या घोटाचा." लगेच घेतली. तुमच्या त्या वर्णनं लिहिणाऱ्यांपेक्षा ही बरी.

बाटलीबंद

मोठ्या बाटलीतून काढून दिलेल्या 2 किंवा 5 मिलीच्या शिश्या मिळतात, त्या आधी घ्या. आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका. माझं सेंट तसंच बिघडलं.

धागाकर्ती

काका, मी मागच्याच गल्लीत राहते. उद्या बाटलीचं टोपण घेऊन येते, काकूंना हुंगायला सांगाल?

सुदामानगरचे काका

टोपण पोचलं. हिचं मत असं: हार नव्हे, हारवाल्याची बादली, देठं दोन दिवस बुडून असतात ते पाणी. संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा हुंगलं, म्हणाली आता पाणी गेलं, फूल राहिलं. टोपण ठेवून घेऊ का म्हणून विचारतेय.