अमेरिकेतील नाट्यशिक्षणाच्या ऑडिशनसाठी हेडशॉट आणि रेझ्युमे कसा तयार करावा?

प्रश्न : एक पालक, ठाणे पश्चिम

नमस्कार. माझी मुलगी बारावीत आहे. शाळेत असताना ती बालनाट्यांत कामे करीत असे आणि आता कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून एकांकिका स्पर्धांत उतरते. अभिनयाच्या बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) या पदवी अभ्यासक्रमासाठी अमेरिकेतील काही महाविद्यालयांत अर्ज करण्याचे आम्ही ठरवले आहे. प्राथमिक निवडीसाठी स्वगतांचे व्हिडिओ मागितले आहेत, त्यांची तयारी नीट चालू आहे. अडले आहे ते हेडशॉट (चेहऱ्याचे छायाचित्र) आणि रेझ्युमेपाशी. नौपाड्यातील एका स्टुडिओने चार वेशभूषा, मेकअप आणि अल्बम असा पूर्ण पोर्टफोलिओ करून घेण्याचा सल्ला दिला आहे. रेझ्युमे म्हणून आम्ही दोन पानांचा बायोडेटा केला असून त्यात दहावीचे गुण, चित्रकलेच्या परीक्षा आणि सर्व प्रमाणपत्रांची यादी आहे. मुख्य अडचण अशी की, तिची बहुतेक कामे मराठीत आहेत आणि तिथल्या प्राध्यापकांना आपल्या स्पर्धांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. ही कामे कशी मांडावीत?

उत्तर : छायाचित्रकार, वाशी

चार वेशभूषांचा पोर्टफोलिओ मॉडेलिंगसाठी किंवा मालिकांच्या निर्मितीसंस्थांकडे देण्यासाठी उपयोगी पडतो; महाविद्यालयीन ऑडिशनला त्याची गरज नसते. तिथे एकच छायाचित्र हवे असते, चेहरा आणि खांदे दाखवणारे, आणि त्या छायाचित्रातील मुलगी व समोर उभी राहिलेली मुलगी एकच आहे हे परीक्षकांना क्षणात पटले पाहिजे. दिवसभर अनेक विद्यार्थी पाहून झाल्यावर सायंकाळी चर्चेला बसलेले प्राध्यापक त्या छायाचित्रावरूनच कोणी काय सादर केले ते आठवतात. म्हणून त्वचा गुळगुळीत करणारे रिटचिंग मला अत्यंत अयोग्य वाटते. तात्पुरता मुरूम पुसला तरी चालेल, पण तीळ, व्रण आणि त्वचेचा मूळ रंग यांना हात लावू नये. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत न विचारताच चेहरा उजळ करून देतात. तसे करू नका, असे आधीच स्पष्ट सांगावे.

हे छायाचित्र घरीही उत्तम निघते. सकाळी मोठ्या खिडकीजवळ, थेट ऊन येत नसेल अशा जागी तिला उभे करावे आणि मागे साधी, एकरंगी भिंत असावी. पावसाळ्यातील ढगाळ आकाशाचा प्रकाश तर चेहऱ्यासाठी फारच चांगला असतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि फोकस डोळ्यांवर ठेवावा. मोबाइल अगदी चेहऱ्याजवळ नेल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यामुळे दोन पावले मागे सरकून मोबाइलमधील दुपटीची (2x) लेन्स वापरावी. कपडा एकरंगी आणि गळ्याशी साधा असावा. ठळक नक्षी, मोठी कर्णभूषणे आणि रंगभूमीचा मेकअप टाळावा. चष्मा ती रोज लावत असेल आणि ऑडिशनलाही लावणार असेल, तरच तो छायाचित्रात ठेवावा.

अमेरिकेत हेडशॉटचा प्रचलित आकार 8 × 10 इंच आहे. तो 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) छापायचा तर फाइल किमान 2400 × 3000 पिक्सेलची लागते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली दबलेली प्रत छपाईला देऊ नये. छायाचित्र व्यावसायिकाकडून काढलेलेच हवे असा आग्रह अनेक महाविद्यालये धरीत नाहीत. तरीही प्रत्येकाची सूचना स्वतंत्रपणे वाचावी.

उत्तर : अमेरिकेत नाट्यशिक्षण घेतलेला विद्यार्थी, ठाणे

ताई, तुमचा बायोडेटा बाजूला ठेवून कोऱ्या पानापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. नाट्यक्षेत्रातील रेझ्युमे एका पानाचाच असतो. दहावी-बारावीचे गुण मुख्य प्रवेश अर्जातून स्वतंत्रपणे जातात, त्यामुळे ते इथे नकोत. जन्मतारीख, वडिलांचे नाव, घराचा पत्ता हेही नको. वर नाव, ईमेल, देशाच्या संकेतांकासह दूरध्वनी आणि उंची एवढे पुरते. संगीत नाट्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज असेल तर आवाजाची पट्टीही लिहावी.

त्याखाली कामांचे तीन स्तंभ असतात : पहिल्यात नाटक, दुसऱ्यात भूमिका, तिसऱ्यात संस्था किंवा दिग्दर्शक. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथेच आहे. मुंबई-ठाण्यात ‘आयएनटी’ किंवा ‘सवाई’ या एकांकिका स्पर्धांचे नाव घेतले की नाटकाच्या मुलांना त्यामागची महिनोन्महिन्यांची तालीम लगेच कळते, परंतु परदेशी वाचकापुढे ती केवळ अक्षरे असतात. म्हणून स्पर्धेच्या नावापुढे ‘मुंबईतील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा’ अशा अर्थाचे चार शब्द इंग्रजीत जोडावेत, नाटकाचे नाव रोमन लिपीत द्यावे आणि भाषा मराठी असल्याचे एकदाच शीर्षकाशी नमूद करावे. मराठीतील काम दुय्यम समजून कुठल्याशा इंग्रजी स्नेहसंमेलनातील छोट्या प्रवेशाला वर चढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. सर्वांत कसदार भूमिका सर्वांत वर, मग ती कोणत्याही भाषेतील असो. गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या रंगमंचावर, भरलेल्या प्रेक्षागृहासमोर तिने काम केले असेल तर तो अनुभव मुलाखतीत सांगावा, रेझ्युमेवर नाट्यगृहाच्या नावाला फारसा अर्थ नसतो.

अभिनयाचे वैयक्तिक पारितोषिक मिळाले असेल तर त्या भूमिकेच्या ओळीतच लिहावे. प्रमाणपत्रांची यादी जोडू नये. भूमिका मोठी नसेल तर ती मोठी करून सांगू नये, कारण प्राध्यापक नेमके त्याच भूमिकेबद्दल विचारतात आणि समूहातील छोट्या कामाबद्दल मनापासून बोलणारी मुलगी त्यांना निश्चितच आवडते.

शेवटी प्रशिक्षण आणि विशेष कौशल्ये. शास्त्रीय गायनाची ‘मध्यमा’ झाली असेल तर परीक्षेच्या नावाऐवजी किती वर्षे शिकली ते लिहावे. लावणी, लेझीम, मालवणी बोली, सायकल चालवणे, सर्व चालते. अट इतकीच की तिथल्या तिथे करून दाखवायला सांगितले तर तिला ते करता आले पाहिजे.

एक तांत्रिक बाब : आपला ए-फोर कागद 8 × 10 इंचांपेक्षा मोठा असतो. प्रत्यक्ष ऑडिशनला रेझ्युमे हेडशॉटच्या पाठीला पाठ लावून स्टेपल करून देतात, तेव्हा पानाचा आकार सुरुवातीपासूनच 8 × 10 ठेवावा, म्हणजे कापताना मजकूर जात नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिकागो व न्यूयॉर्क येथील अनेक महाविद्यालयांच्या एकत्रित ऑडिशन जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत होतात, आणि आपल्या बारावीच्या प्रात्यक्षिक व लेखी परीक्षाही त्याच सुमारास येतात. ऑनलाइन ऑडिशनची सोय कुठे आहे ते आताच पाहावे.

प्रश्नकर्त्या पालक

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पोर्टफोलिओचा विचार सोडला. दोन एकांकिकांत तिने अभिनय न करता प्रकाशयोजना सांभाळली होती. ती कामे गाळावीत का?

उत्तर : अमेरिकेत नाट्यशिक्षण घेतलेला विद्यार्थी, ठाणे

मुळीच गाळू नयेत. अभिनयाखाली ‘तांत्रिक कामे’ असे वेगळे शीर्षक देऊन ती लिहावीत. बीएफएच्या अनेक अभ्यासक्रमांत अभिनयाच्या विद्यार्थ्यांनाही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांची कामे करावी लागतात, त्यामुळे हा अनुभव तिच्या बाजूचाच आहे.

उत्तर : नाट्यप्रशिक्षक, नेरुळ

वरील सर्व सूचना योग्य आहेत. भर एवढीच घालतो की पदवीनंतर ती दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा किंवा मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा विचार करणार असेल, तर आज रेझ्युमेवर न येणारी कागदपत्रेही फेकू नयेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी पदवीबरोबर नाट्यप्रयोगांतील सहभागही पाहिला जातो आणि त्याचा पुरावा लागतो. स्पर्धेची माहितीपत्रके, प्रयोगाच्या जाहिरातींची व परीक्षणांची कात्रणे, सहभागाची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावीत आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत घरातील दोघांच्या ईमेलवर ठेवावी.