"मशीन छापून देतं, मग रिदम कशाला शिकायचे?" त्या पोस्टला माझं उत्तर

रात्रपाळी
काल इथे एकाने लिहिलं, "ईसीजी मशीन निदान वर छापूनच देतं, धोक्याचे रिदम (हृदयाच्या ठोक्यांच्या चाली) ओळखायला शिकवण्यात नर्सेसचा आणि ज्युनियर डॉक्टरांचा वेळ घालवू नका, तेवढ्या वेळात सीपीआर शिकवा." खाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून टाकलंय. ड्यूटीवर रात्रभर ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितेय.

सतरा वर्षं आयसीयूत काढलीत. एक पेशंट, साठीचा, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला, धडधडतंय म्हणून आला. बोलत होता, पाणी मागत होता, बीपी ११० वर ७०. स्ट्रिपवर दोन आरमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या दोन शेंड्यांमध्ये, जेमतेम पावणेदोन मोठे चौकोन, ३०० ला भागा, १७० चा रेट, आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचा टोकदार भाग) चांगला चार छोटे चौकोन रुंद. मशीनने वर छापलं एसव्हीटी, म्हणजे वरच्या भागातून येणारी, सहसा कमी धोक्याची धडधड. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, बीपी चांगलंय, शुद्धीत आहे, व्हीटी (खालच्या कप्प्यातून येणारा जीवघेणा रिदम) असता तर असा बोलला असता का? आणि एसव्हीटीचं औषध व्हेरापामिल दिलं शिरेतून. मी म्हटलं होतं सर थांबूया, सीनियरना विचारूया, पण ठासून म्हटलं नाही, ते अजून टोचतं. दोन मिनिटांत बीपी लागेना, डोळे फिरवले. शॉक दिला, परत आला, वाचला.

नंतर तीच स्ट्रिप घेऊन बसलो तर रुंद कॉम्प्लेक्सच्या मधून बारीक पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या लाटा) आपल्या चालीने चाललेल्या, क्यूआरएसशी काही देणंघेणं नाही, आणि मध्येच एक ठोका एकदम अरुंद. कॅप्चर बीट, वरून मध्येच उतरलेला साधा ठोका. म्हणजे व्हीटीच. सगळं समोर कागदावर होतं हो! बघायला कुणी शिकवलंच नव्हतं.

रुंद आणि वेगवान दिसलं की व्हीटीच समजायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत. बीपी चांगलं असणं हा पुरावा नाही. आणि हे मशीन सांगत नाही.

मूळपोस्टवाला
ती पोस्ट माझीच, आणि मी एक शब्दही मागे घेणार नाही. मी ॲम्ब्युलन्सवाल्यांना ट्रेनिंग देतो. माणूस कोसळला की प्रत्येक मिनिटाला शॉकविना वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी उतरते, तिथे कॅप्चर बीट शोधत बसणार का? एईडी (आपोआप रिदम तपासणारं शॉकचं यंत्र) लावा, ते सांगेल शॉक द्यायचा की नाही, तोवर छाती दाबा. बास.

आणि आता माझं ऐका. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. साध्या तापासाठी ॲडमिट केलेली. रात्री एका उत्साही ज्युनियरला मॉनिटरवर मोठमोठ्या लाटा दिसल्या, 'व्हीटी व्हीटी' म्हणून धावपळ, अमियोडॅरोन हे व्हीटीचं औषध चालू, आयसीयूत हलवली, दोन रात्री तिला काय चाललंय तेच कळेना, घाबरून माझा हात सोडत नव्हती. तो तिच्या हाताचा कंप होता! ऑक्सिमीटरवर त्याच वेळी ७६ चे शांत ठोके दिसत होते, मी दाखवत होतो, मला बाहेर काढलं. 'मला रिदम ओळखता येतो' या अर्धवट आत्मविश्वासानेच हे झालं. म्हणून म्हणतो, शिकवू नका.

मोजपट्टी
मूळपोस्टवाले दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची गोष्ट तुमच्याच विरुद्ध जातेय असं मला वाटतं. मी रेसिडेंट्सना ईसीजी शिकवतो. कंपामुळे किंवा दात घासताना येणाऱ्या लाटा हुबेहूब व्हीटीसारख्या दिसतात हे खरं, पण खरा क्यूआरएस त्या लाटांच्या आत लपलेला असतो, ठरावीक अंतराने छोट्या टोकदार खाचा दिसतात, पट्टी लावली की एकसारख्या पडतात. बऱ्याचदा एखादं लीड (ईसीजीची एखादी ओळ) स्वच्छही असतं. त्या ज्युनियरला हे माहीत असतं तर आई वॉर्डातच झोपल्या असत्या. तुम्ही म्हणताय अर्धवट शिकलेला धोकादायक, मान्य. मग पूर्ण शिकवा ना, अजिबात शिकवू नका हे कुठून आलं?

आणि रात्रपाळी ताई, तुमचंही एक खटकलं. 'मशीन सांगत नाही' असं सरसकट नको. मशीन पीआर, क्यूटी (ठोक्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांना लागणारा वेळ) ही मोजमापं बऱ्यापैकी देतं, माझे विद्यार्थी तीच वाचत नाहीत. वरचं वाक्य वाचतात आणि कागद घडी करून फाइलला लावतात.

रात्रपाळी
सर, मोजमापांचं मान्य. माझा राग त्या छापील वाक्यावर आहे.

बेडनऊ
तुम्ही सगळे स्ट्रिपवर बोलताय, मॉनिटरच्या अलार्मवर कोण बोलणार? आमच्याकडे एक सिस्टर आणि सहा बेड, रात्रभर टिंग टिंग टिंग, दहातले नऊ खोटे, इलेक्ट्रोडची जेल सुकलेली, पेशंट कुशीवर वळला की 'व्हीटी', वायर ओढली की 'असिस्टोल', माणूस पडल्या पडल्या कूस बदलतोय आणि मॉनिटर म्हणतोय हृदय बंद! कान बधिर होतात. शेवटी अलार्म म्यूट करतो आम्ही, हो करतो, दोष द्यायचा तर द्या. ज्यांनी सहा बेड दिलेत त्यांना आधी विचारा.

दुसराबेड
म्यूट करतो असं इतकं सहज लिहिलंत?

माझे बाबा गेले तेव्हा हेच झालं. न्यूमोनिया होता, क्लॅरिथ्रोमायसिन चालू, उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन, सुजेसाठी आधीपासून फ्युरोसेमाइड, पोटॅशियम खाली गेलेलं. संध्याकाळपासून मॉनिटर मधूनमधून ओरडत होता, चार-पाच सेकंद लाटा लहानमोठ्या होत पिळल्यासारख्या यायच्या आणि आपोआप थांबायच्या. मी दोनदा सिस्टरना बोलावलं. दोन्ही वेळा 'वायर हललीय काका' म्हणून बटण दाबलं. तिसऱ्या वेळी थांबलं नाही. नंतर एका डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, टॉर्साद, क्यूटी लांबल्यावर येणारा व्हीटीचा प्रकार. दुपारच्या ईसीजीवर क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार काढलेला क्यूटी) ५४० छापलेला होता, कुणी वाचला नाही. तुमचे बधिर कान माझ्या घरात एक माणूस कमी करून गेले.

बेडनऊ
तुमच्या बाबांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण मी ती सिस्टर नाही, आणि सगळ्या सिस्टर्सना एका फटक्यात खुनी ठरवू नका. बारा तास उभी असते मी.

दुसराबेड
खुनी म्हटलं नाही. बटण दाबण्याआधी पेशंटकडे मान वळवून बघा एवढंच म्हणतोय. पाच सेकंद लागतात.

हाऊसमन
अलार्मवर इतका वाद चाललाय तर एक सांगतो, ही एकट्यादुकट्या वॉर्डची गोष्ट नाही. अमेरिकेत जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा काढला होता, त्यांच्याकडे साडेतीन वर्षांत अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या, त्यातले ८० जण दगावले. अलार्म बंद केलेले, मर्यादा चुकीच्या लावलेल्या, आवाज ऐकूच न आलेला, सगळे प्रकार. त्यामुळे बेडनऊ ताईंचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही आणि दुसराबेड काकांचंही नाही.

पण मी इंटर्नशिप नुकतीच संपवलेला मुलगा आहे, माझा प्रश्न वेगळा. आम्हाला चाळीस रिदम शिकवले, सगळे एकाच लेक्चरमध्ये, स्वच्छ छापलेल्या चित्रांवर. खऱ्या मॉनिटरसमोर कुणी बसवलं नाही. रात्रपाळी ताईंच्या गोष्टीतला तो डॉक्टर मी असू शकलो असतो. काय धरून ठेवायचं ते सांगा.

मोजपट्टी
आधी पल्स. स्क्रीनवर सुंदर सायनस (म्हणजे नॉर्मल) रिदम असतो आणि मनगटात काही लागत नाही, त्याला पीईए म्हणतात, तिथे स्क्रीन बघणारा फसतो. इथे मूळपोस्टवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. उलट सरळ रेघ दिसली तर वायर बघ, गेन (लाटांची उंची) वाढव, दुसरं लीड बघ, कधी ती अगदी बारीक व्हीएफ असते, म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय.

पल्स असेल तर रुंदी. तीन छोटे चौकोन, ०.१२ सेकंद, त्याच्या पुढे गेलं आणि वेगवान आहे की व्हीटी धर. रुंद, प्रचंड वेगवान आणि अंतरं अनियमित असतील, कुठे कुठे रेट २०० च्या वर, तर डब्ल्यूपीडब्ल्यूमधलं (हृदयात जन्मतः जादा वाट असणं) एएफ (वरच्या कप्प्यांची थरथर) आठव, तिथे ॲडिनोसिन किंवा व्हेरापामिल ही एसव्हीटीची औषधं दिलीस तर व्हीएफमध्ये ढकलशील. रुंद आहे पण वेग तेवढा नाही, पी दिसेनात, टी (क्यूआरएसनंतरची लाट) उंच तंबूसारखा किंवा सगळं मिळून एक गुळगुळीत लाट झालीय, तर पोटॅशियम वाढलंय समज, विशेषतः डायलिसिस चुकलेला पेशंट असेल तर. रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम. मी एकदा रिपोर्टची वाट बघितली होती. लॅबचा फोन आला तेव्हा आम्ही छाती दाबत होतो.

आणि काकांच्या बाबांना झालं ते. लाटा अक्षाभोवती पिळल्यासारख्या फिरतात म्हणून देसर्तेन यांनी १९६६ मध्ये 'टॉर्साद द प्वांत' नाव दिलं. क्यूटीसी ५०० च्या पुढे गेला की औषधांची यादी उघडायची, क्यूटी लांबवणारं जे असेल ते थांबवायचं, पोटॅशियम वर आणायचं, त्या लाटांचे झटके सुरू झाले असतील तर मॅग्नेशियम २ ग्रॅम. काका, दुपारी ते वाचलं असतं तर हातात वेळ होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण तुमच्यापासून लपवणं त्याहून वाईट.

दुसराबेड
लपवू नका. दोन वर्षं कुणी नीट सांगितलं नव्हतं.

मूळपोस्टवाला
काकांची गोष्ट काल रात्री तीनदा वाचली. ठीक आहे, एवढं मान्य करतो, एईडी माणूस कोसळल्यावर कामाला येतं, आधीच्या त्या संध्याकाळी ते काहीच करत नाही. तिथे माणसाचीच नजर लागते. पण ॲम्ब्युलन्सच्या मुलांना मी आधी छाती दाबायलाच शिकवणार, यात बदल नाही. आणि वॉर्डात शिकवायचं असेल तर कंपाची स्ट्रिप पहिल्या दिवशी दाखवा, व्हीटीच्या आधी.

रात्रपाळी
हे पटलं. मला आधी सुचलं नव्हतं.

बेडनऊ
माझ्याकडून एवढंच, कालपासून ड्यूटी घेताना इलेक्ट्रोड बदलतेय, त्वचा पुसून, कोरडी करून. पहिल्याच रात्री टिंगटिंग बरीच कमी झाली. सहा बेडचं भांडण मात्र मी सोडणार नाही. आणि काका, मान वळवून बघते.

मूळपोस्टवाला
मोजपट्टी सर, आईच्या त्या रात्रीच्या स्ट्रिपचा फोटो माझ्याकडे आहे. नाव झाकून टाकतोय. मला त्यात अजूनही नुसत्या लाटाच दिसतात.

मोजपट्टी
फोटो मोठा करून पट्टी लावली. खालच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या लाटेच्या उतारावर बघा, एक सुईसारखी खाच आहे. तिथून बरोबर वीस छोटे चौकोन मोजा, दुसरी. आणखी वीस, तिसरी, ही लाटेच्या शेंड्यावर आहे म्हणून पटकन दिसत नाही. शेवटपर्यंत अशाच. वीस छोटे म्हणजे चार मोठे, ३०० भागिले ४, मिनिटाला ७५.

मूळपोस्टवाला
दिसल्या. ऑक्सिमीटरवर ७६ होते.