कस्टम कर्नलसकट डेबियन १२ वरून १३ वर
मार्केटयार्ड_सांगली: अडतीच्या सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१ स्वतः सोर्सवरून कंपाइल केलेला. १३ वर नेताना तो आपोआप बदलेल का?

मिरजकर: नाही हो. ॲप्ट (पॅकेजेस टाकणारं-बदलणारं टूल) त्याला हात लावत नाही. आधी डेबियनचा मूळ कर्नल टाका, त्यावर मशीन एकदा बूट करून बघा. मगच सोर्स लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी (१३ चं) लिहा. सौदे चालू असताना मात्र नको!

विश्रामबाग: बूट पार्टिशनची जागा बघा, गाडी तिथंच अडते. मॉड्यूल्समध्ये (कर्नलचे ड्रायव्हर वगैरे सुटे भाग) डीबग सिम्बॉल्स (चुका शोधायची जादा माहिती) राहिले की इनिटआरडी (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) शेकडो एमबीचा होतो; कंपाइल करताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ द्या. जुनी कॉन्फिग ६.१२ च्या (१३ मधला कर्नल) सोर्समध्ये ठेवून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (नव्या पर्यायांना डिफॉल्ट देतो), मग ‘मेक बिनडेब-पीकेजी’ (कर्नलची डेबियन पॅकेजेस बनवतो). हेडर्सचं पॅकेजही टाका, नाहीतर डीकेएमएसचे (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बनवणारी सोय) ड्रायव्हर बिल्ड होत नाहीत.

मार्केटयार्ड_सांगली: बूट ९१ टक्के भरलंय. आधी जुने कर्नल काढतो.

मिरजकर: चालू आहे तो सोडून. ‘युनेम -आर’ (चालू कर्नलची आवृत्ती दाखवतो) बघूनच काढा.