बॅटरी हाताने बदलता येणारा फोन कोकणात टिकेल का?

गुहागरकरीण

यंदा मे महिन्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली. आधी कळलंच नाही. टेबलावर ठेवून बोट लावलं की फोन भोवऱ्यासारखा फिरायचा, एवढंच. मग मागच्या झाकणाच्या कडेला नख जाईल एवढी फट दिसली आणि आठवड्याभरात स्क्रीनची एक बाजू उचलली गेली. फोन तीन वर्षांचा, बाकी ठणठणीत. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तो पुण्याला पाठवला, परत यायला १९ दिवस लागले. ऐन आंब्याच्या हंगामात! माझी आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळाची सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयवर. सिम काढून यजमानांच्या फोनमध्ये घातलं आणि कसेबसे दिवस काढले.

युरोपीय संघाने कायदा केलाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी, गरम हवा किंवा रसायन न लावता. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण सक्ती कशाचीच नाही.

माझं म्हणणं, अशा कायद्याची खरी गरज आपल्याला आहे, कारण आपल्यापासून सर्व्हिस सेंटर लांब आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर माझ्या माहेरी, दापोलीकडे, कित्येक दिवस वीज नव्हती. बाबांच्या जुन्या फोनच्या दोन बॅटऱ्या होत्या. एक शेजाऱ्यांच्या जनरेटरवर चिमट्याच्या चार्जरला लावलेली, दुसरी फोनमध्ये. अख्ख्या वाडीचे मुंबईचे फोन त्या एका फोनवरून झाले.

हर्णै बंदर

ताई, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण मत पटलं नाही. आमची नौका आहे. झाकण निघणारे फोन आम्ही वापरलेत. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून ठेवायचो, तरी एका हंगामात दोन फोन जायचे. जाळं ओढताना हात ओले, खिसा ओला, वरून लाटेचा फवारा. झाकणाच्या फटीतून खारं पाणी आत शिरायचंच. आता तांडेलाकडे, म्हणजे नौका चालवतो त्याच्याकडे, आयपी ६८ वाला (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा), झाकण न निघणारा बंद फोन आहे, तिसरा हंगाम चालू आहे. समुद्रात बारा-पंधरा वाव खोल पाण्यावर असताना फोन मेला तर बॅटरी बदलायची सोय काय कामाची?

आणि युरोपचं अर्धंच सांगितलंत. २० जून २०२५ पासून तिथे फोनसाठी वेगळे नियम लागू झालेत. त्यात सूट आहे: बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर किमान ८३ टक्के आणि १,००० वेळा झाल्यावर किमान ८० टक्के क्षमता राहत असेल, आणि फोन धूळबंद असून एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकत असेल, तर बॅटरी गिऱ्हाइकाच्या हाताने निघालीच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे त्यांनाही पाण्याची अडचण कळली.

मालवणचो झील

ताईंचा माका पटता. आयेकडे साधो बटणांचो फोन आसा, बॅटरी नखान निघता. दोनदा व्हाळात पडलो. बॅटरी काढली, फडक्यान पुसलो, दोन दिस सुकवलो, परत चालू. माझो वीस हजाराचो फोन एकदाच पावसात भिजलो. बंद करूक गेलंय तर स्क्रीन बोटाक दाद देयना. आत पाणी, आणि बॅटरी चालूच! बोर्ड जळलो. पाणी आत गेल्यार बॅटरी काढूक येवक व्हयी, ह्याच मोठा.

चिपळूण मोबाइल दुरुस्ती

पंधरा वर्षं हेच काम करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हर्णैवाल्या दादांनो, आयपी ६७, ६८ ही परीक्षा गोड्या पाण्यातली, नव्या फोनची, प्रयोगशाळेतली. समुद्राची हमी त्यात नाही, आणि पाण्याने फोन बिघडला तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. बऱ्याच फोनच्या सिमच्या खाचेत बारीक पांढरी पट्टी असते, ओल लागली की लाल होते. ती दाखवून फोन परत पाठवतात.

खाऱ्या पाण्याने गेलेला फोन उघडला की चार्जिंगच्या पिना हिरव्या दिसतात, बोर्डावर पांढरी साय धरलेली असते. ब्रशने काढली तरी खाचेतलं मीठ राहतं, आणि मीठ आपल्या दमट हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. आज चालू करून दिलेला फोन महिन्याने बंद पडतो, गिऱ्हाईक मला बोलतं.

पण ताई, तुमच्याही बाजूला भोक आहे. बंद फोनची बॅटरी बदलायची म्हणजे मागचं झाकण गरम करून डिंक सोडवावा लागतो. परत लावताना कंपनीचा डिंकपट्टा मिळाला नाही तर पाणी रोखणं संपलं. हाताने निघणाऱ्या झाकणाला पाणी अडवायला रबरी गॅसकेट असते, तिचीही तीच गत. झाकण रोज उघडलंत, एक वाळूचा कण अडकला, की खेळ संपला. आपल्याकडे वाळू कुठे नसते?

गुहागरकरीण

दोन्ही जमत नाही असं मात्र नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ हा २०२४ मध्ये आपल्याकडेही आला. आयपी ६८ आहे आणि मागचं झाकण हाताने निघतं. म्हणजे जमतं, पण तो कंपन्यांच्या कामगारांसाठी. माझ्यासारखीला दुकानात दाखवतसुद्धा नाहीत.

चाकरमानी डोंबिवली

ताई, तुम्ही सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलंत ना, तीही सोय चाललीय. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला आयफोन एअर जेमतेम ५.६ मिलिमीटर जाड, आणि जगभर फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर. सिमची खाचच नाही. फोन बंद पडला की नंबर दुसऱ्या फोनवर न्यायला आधी कंपनीची प्रक्रिया, त्यात ओटीपी. गावी आई-बाबा एकटे असतात, त्यांना हे कोण करून देणार? मी त्यांच्यासाठी खाच असलेलाच फोन घेतला. बारीक फोन हवाय कोणाला? मला तर गावात कधी कोणी मागताना दिसलं नाही.

हर्णै बंदर

ई-सिमचं पटलं. बॅटरीच्या बाबतीत मी अजून बंद फोनच्याच बाजूने आहे. पण एक कबूल करतो. तांडेलाचा फोन सकाळी भरलेला असतो आणि दुपारी मान टाकतो. तीन हंगाम उन्हात तापलाय. नवा घ्यायचा म्हणजे खलाशांचे आगाऊ पैसे देतानाच हात आखडतो, त्यात हा खर्च. बॅटरी तालुक्याला मिळाली आणि झाकण पुन्हा पाणीबंद लावून मिळालं, तर मला हाताने काढायची गरजच नाही.

गुहागरकरीण

दादा, मग भांडण कसलं? कायद्याने बॅटरी आणि डिंकपट्टा दोन्ही तालुक्याच्या दुकानदाराला विकायला लावा. युरोपात फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग ठेवायचं बंधन घातलंय. मला १९ दिवस बसवून ठेवलं ते त्या दोन वस्तूंसाठी.

चिपळूण मोबाइल दुरुस्ती

हे लिहून द्या कुणीतरी, मी सही करतो. बॅटरी मिळते हो, पण असली कुठली नि नकली कुठली हे वेष्टनावरून मलाही कळत नाही. नकली बॅटरी वर्षात फुगते. डिंकपट्टा तर मुंबईहून मागवावा लागतो, तोही चालू मॉडेलचाच.

आणि मालवणच्या भावा, पुढच्या वेळी स्क्रीन दाद देत नसेल तर बाजूची बटणं दाबून धर, काही फोन तसे बंद होतात. चार्जरला लावू नको. तांदळाच्या डब्यात घालू नको, पिठूळ कण खाचेत बसतात. घेऊन ये.

हर्णै बंदर

मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. १ ऑगस्टला नौका सुटायच्या आधी तांडेलाचा फोन घेऊन चिपळूणला येतो. बॅटरी आणि डिंकपट्टा, दोन्ही होईल का?

चिपळूण मोबाइल दुरुस्ती

मॉडेल कळवा. बॅटरी आठ दिवसांत आणतो. पट्टा मिळाला तरच फोन उघडीन, नाही मिळाला तर हात लावणार नाही.