नव्या हेडलाइटवर फिल्म: गरज की हौस?

उन्हातली गाडी: गाडी सात वर्षांची. हेडलाइट पिवळट पडले म्हणून परवा स्वतःच घासले. आधी १०००, मग १५००, शेवटी २००० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर), भरपूर पाणी आणि पॉलिश. खांदे भरून आले! त्यावरून माझं मत: गाडी घरी आली की लगेच दिव्यांवर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे चिकटवायची संरक्षक फिल्म) लावावी. दिव्याच्या पुढच्या लेन्सला आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असतं. त्यावर कारखान्यातून अतिनील किरण अडवणारा पातळ थर येतो. ऊन आधी तोच खातं.

खडूस: हौस! सात वर्षं तो थर टिकलाच ना? फिल्मसुद्धा पिवळी पडते, कडा उचलतात, त्यात धूळ बसते. सावलीत लावा, फुकट आहे.

उन्हातली गाडी: फिल्म पिवळी पडली तर सोलून फेकता येते. लेन्स सोलणार का?

रातकिडा: खडूस, सावली सगळ्यांच्या नशिबी नसते. माझा डावा दिवा उजव्यापेक्षा जास्त धुरकट आहे, कारण तीच बाजू रोज उन्हाकडे असते.

खडूस: म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. गाडी कधी उलट तोंडाने लावून बघा की.

पॉलिशवाला: धागाकर्त्याने अर्धंच काम केलंय. घासताना उरलासुरला थरही गेला. आता वर अतिनील-रोधक क्लिअर कोट (पारदर्शक लेप) मारला नाही, तर काही महिन्यांत पुन्हा ढग. टूथपेस्टने दिवे घासण्याचंही तेच. ती घासते, राखत काही नाही. (आणि कृपया थिनर लावू नका, प्लास्टिकला तडे जातात.)

रातकिडा: लोक अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब टाकतात, ते तर आणखी वाईट. धुरकट लेन्समधून प्रकाश विखुरतो. रस्ता अंधारातच राहतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

खडूस: हे मान्य. फिल्मचं अजून पटलेलं नाही. रस्त्यावरच्या खडीचे टवके वाचतात, एवढं कबूल करतो. उन्हासाठी मात्र सावलीच.

उन्हातली गाडी: बरं, मग आता घासलेल्या दिव्यांवर सरळ फिल्मच लावू का?

पॉलिशवाला: आधी क्लिअर कोट. तो डब्यावर लिहिलंय तितके दिवस पक्का वाळू द्या, मग फिल्म. घाई केलीत तर फिल्म काढताना कोटही सोबत निघेल.