सायकॉलॉजीवाल्यांना बेझियन स्टॅट्स सोपं करून द्यावं का?

आकडेवाली_ताई: मुंबईत पीएचडीवाल्या पोरांचा डेटा बघून देते. सगळीकडे एकच, एसपीएसएस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) उघडा, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना) मारा, पी (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली आला की पेढे, वर गेला की रडारड. परवा एकीचे वीस-वीस जणांचे दोन गट, पी ०.०४९. तोच डेटा जास्प नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बेझियन पद्धतीने (आधी एक अंदाज धरायचा, मग डेटा तो किती बदलतो ते बघायचं) टाकला तर बेझ फॅक्टर दीडच्या आसपास, म्हणजे 'फरक आहे' या बाजूला जेमतेम दीडपट वजन, आणि एवढ्यावर अख्खा चॅप्टर उभा! जास्प ॲमस्टरडॅम युनिव्हर्सिटीचं, फुकट, कोडिंग नाही. एमएलाच शिकवून टाका ना.

हार्बर_लाईन: सपशेल असहमत. क्लिक केलं की उत्तर, हाच तर रोग आहे, एसपीएसएसने तरी वेगळं काय केलं? उद्या बेझ फॅक्टर ३ म्हणजे पास, खाली नापास, झाला नवा ०.०५. आणि जास्पच्या टी-टेस्टमध्ये प्रायरची (डेटा बघण्याआधी धरलेल्या अंदाजाची) रुंदी आधीच ०.७०७ भरलेली असते, म्हणजे इफेक्ट साइझ (फरक किती मोठा, त्याचं माप) उणे ०.७ ते अधिक ०.७ मध्ये असण्याला निम्मी शक्यता. हे तुमच्या विषयाला लागू आहे का, कोणी विचारतं?

गिरगावचा_बंड्या: दोघेही हवेत बोलताय. २०१५ मध्ये सायकॉलॉजीचे १०० अभ्यास परत करून बघितले तेव्हा ३६ टक्क्यांच्या आसपासच सिग्निफिकंट (पी ०.०५च्या खाली) आले. त्यात छोटी सॅम्पल आणि हवं तेवढंच छापायची खोड हे मोठं कारण. गाळीव डेटा बेझच्या घशात घातला तरी गाळीवच राहणार. आणि व्हायवाला बाहेरचे सर विचारणार, "पी कुठे आहे?" तेव्हा ताई येणार का सोबत?

आकडेवाली_ताई: @बंड्या, येईन की! पी पण द्या, बेझ फॅक्टर पण द्या, सर खूश. सॅम्पलचं म्हणणं मान्य, पण दीड बघून पोरगी निदान म्हणेल की अजून माणसं गोळा करते, ०.०४९ बघून कोण म्हणतं? @हार्बर, प्रायर काय धरायचा हे सायकॉलॉजीवाल्यानेच सांगायचं असतं, विषय त्याचा आहे, आपण स्टॅट्सवाले तिथे पाहुणे. शिवाय जास्पमध्ये रोबस्टनेस चेक आहे, टिक केलं की प्रायर रुंद-अरुंद केल्यावर उत्तर किती हलतं त्याचा ग्राफच येतो.

हार्बर_लाईन: ग्राफ चांगलाय, वाद नाही. पण परवाच्या केसमध्ये तो टिक त्या पोरीने केला होता की तुम्ही?